धूरनळीची निगा : खरी काटकसर कोणती?

गोठ्यातील बैलाने वैरण सोडली तर घरातील माणसे रात्रभर जागी राहतात. विहिरीवरील पंप बंद पडला तर त्याच दिवशी कारागिराला बोलावणे जाते. परंतु गावातील जुन्या जीपची धूरनळी फुटली, तर ‘गाडी चालते आहे ना? मग होईल सवडीने’ असे म्हणून ते काम पुढच्या हंगामावर ढकलले जाते. आवाज थोडा वाढतो, धुराचा वास येऊ लागतो, आणि काही दिवसांनी त्या दोहोंचीही सवय होऊन जाते. सवय झाली म्हणजे दोष नाहीसा झाला असे मात्र नव्हे. धूरनळी हा वाहनाचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. आणि ज्या दुर्लक्षाची किंमत पैशांत न मोजता माणसांच्या जिवात मोजावी लागते, अशा थोड्या दुर्लक्षांपैकी हे एक आहे. यास्तव या विषयाचा साकल्याने विचार होणे अगत्याचे आहे.

जुनी जीप आणि तिचे गावातील स्थान

जीप आणि ग्रामीण महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी निर्माण झालेले हे वाहन १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने जुळविण्यास प्रारंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेचा आरंभ झाला, आणि पुढे विकासगटाची कचेरी म्हटली की तिच्या दारातील जीप डोळ्यांसमोर येऊ लागली. जेथे पक्का रस्ता नव्हता तेथे बियाणे, खते, लस आणि सल्ला या चारही गोष्टी जीपनेच पोहोचविल्या. सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही; त्यामुळे कचेऱ्यांच्या आवारातील जुन्या जीपा आता सेवेतून गेल्या आहेत. खाजगी मालकीच्या जीपा मात्र योग्यतेचा दाखला आणि नोंदणीचे नूतनीकरण यांच्या आधारे अद्याप चालत आहेत. डोंगरी भागात भाजीपाला बाजारास नेणे, चिखलातून खताच्या गोण्या वाहणे, आणि पावसाळ्यात आजारी माणसास आरोग्यकेंद्रात पोहोचविणे ही कामे त्या आजही करतात.

या जीपांपैकी कित्येकींचे मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच काढले गेले असून त्यांच्या जागी डिझेल इंजिन बसविलेले आढळते. इंजिन बदलताना धूरनळी मात्र ‘जशी बसेल तशी’ वाकवून बसविली जाते. ती कोठे ब्रेकच्या नळीला खेटून जाते, कोठे विजेच्या तारांखालून जाते, तर कोठे पत्र्याच्या तळाला टेकते. अशा वाहनाच्या मालकाने धूरनळीकडे इतरांपेक्षा दुप्पट लक्ष देणे जरूर आहे.

धूरनळीचे काम केवळ आवाज दाबण्याचे नव्हे

धूरनळी म्हणजे आवाज कमी करणारा डबा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. इंजिनाच्या नळकांड्यांतून बाहेर पडणारे जळके वायू प्रथम मॅनिफोल्ड या ओतीव लोखंडाच्या भागात एकत्र येतात. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामध्ये गॅस्केट असते. तेथून खाली उतरणारी नळी ते वायू सायलेन्सरकडे नेते. सायलेन्सरमध्ये आतील पडद्यांमुळे त्यांचा वेग आणि आवाज मंदावतो. आणि शेवटची नळी त्यांना वाहनाच्या अंगाबाहेर सोडते. ही सर्व साखळी रबरी टांगण्यांवर लोंबकळत असते. सारांश, माणसे बसतात त्या जागेपासून तप्त आणि विषारी वायू दूर नेणे हे धूरनळीचे पहिले काम होय. आवाज कमी करणे हे दुसरे. पहिले काम बिघडले तर ते कानाला नेहमीच कळते असे नाही, हीच यातील खरी अडचण आहे.

गंज आतून लागतो

धूरनळी बाहेरून चिखलपाण्याने गंजते हे सर्वांना ठाऊक आहे. ती आतूनही गंजते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. पेट्रोल असो वा डिझेल, त्यात हायड्रोजन असतो आणि जळताना त्याचे पाणी होते. एक लिटर इंधन जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धूरनळीतून जाते. नळी पुरेशी तापलेली असेल तर ही वाफ तशीच बाहेर पडते. नळी थंड असेल तर तिचे पाणी होऊन ते सायलेन्सरच्या तळाशी साठते, आणि धुरातील आम्ल पदार्थ त्यात मिसळून पत्रा खाऊ लागतात. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण अधिक असे, त्यामुळे हे आम्ल अधिक तीव्र होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज ६ दर्जाच्या इंधनात गंधक दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक असत नाही. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु पाणी होणे काही थांबलेले नाही.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. जी जीप रोज वाडीपासून गावापर्यंत दोन किलोमीटर जाते आणि परत येते, तिचा सायलेन्सर कधीच पुरता तापत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याने धावणाऱ्या गाडीपेक्षा तो लवकर कुजतो. ‘आमची गाडी फारशी फिरत नाही, म्हणून सायलेन्सर शाबूत असणार’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालविली, तर आतील ओल वाळून जाते. काही सायलेन्सरांच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ते गंजाचे छिद्र समजून बुजविण्याचा प्रघात काही ठिकाणी दिसतो. तसे करू नये. उलट चिखलाने ते बंद झाले असल्यास तारेने मोकळे करावे.

कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा संततधार पाऊस यांमुळे गंजाचा वेग अधिक असतो. समुद्राच्या वाळूवरून अथवा खाजणातून गाडी नेली असल्यास गोड्या पाण्याने खालची बाजू धुऊन काढणे हा स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. मात्र गाडी निवाल्यावरच पाणी मारावे. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले तर मॅनिफोल्डला तडा जातो. ओढा ओलांडण्यापूर्वी गाडी थोडा वेळ थांबवून निवू देणे, आणि पाण्यात असताना इंजिन बंद पडू न देणे, या दोन्ही सावधगिरीही याच कारणासाठी घ्यावयाच्या आहेत. नळीचे तोंड पाण्याखाली असताना इंजिन थांबले तर पाणी उलट दिशेने आत शिरू शकते.

न दिसणारे विष

जळक्या वायूंपैकी सर्वांत घातक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडून बसतो. परिणामी माणूस श्वास घेत असतो, परंतु त्याच्या शरीरास प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, मग चक्कर येते, मळमळते, गुंगी येते. आणि गुंगीतच माणूस दगावण्याचा संभव असतो. प्रवासात ‘गाडी लागली’ असे आपण सहज म्हणतो. त्यातील काही वेळा गाडी लागलेली नसून धूर लागलेला असतो.

जुन्या पेट्रोल जीपमध्ये या वायूचे प्रमाण विशेष असते. डिझेल इंजिनात ते कमी असते, म्हणून डिझेलवाल्यांनी निर्धास्त राहावे असे मात्र नाही. डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा माणसास कर्करोग करणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले आहे. जो चालक रोज दहा तास त्या धुरात बसतो, त्याच्या दृष्टीने हा विषय पुस्तकी नाही.

आता जीपची रचना पाहावी. मागील भाग कापडी हुडाचा, तळाच्या पत्र्याला छिद्रे, आणि मागचा पडदा पावसामुळे खाली सोडलेला. गाडी पुढे धावत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे सोडलेला धूर परत आत ओढला जातो. नळी मध्येच फुटली असेल, किंवा तिचे शेपूट तुटून ती तळाखालीच संपत असेल, तर हा धूर थेट बसणाऱ्यांच्या पायांखाली जमा होतो. पावसाळ्याच्या रात्री बाळंतपणासाठी अडलेली स्त्री, तापाने फणफणलेले मूल, अथवा दम्याचा वृद्ध रोगी यांना नेमके अशाच बंद हुडाखाली, मागच्या बाजूस आडवे करून नेले जाते. ज्यांची श्वास घेण्याची शक्ती आधीच क्षीण झाली आहे, त्यांनाच सर्वांत अधिक धूर मिळतो. गाडीने रोग्याला आरोग्यकेंद्रात पोहोचविले याचे समाधान मानताना, तिने वाटेत त्याला काय दिले याचाही विचार झाला पाहिजे.

प्रवासात कोणास डोकेदुखी, मळमळ वा गुंगी आली तर गाडी ताबडतोब थांबवावी, इंजिन बंद करावे, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. दुसरे वाहन मिळाल्यास त्यातून न्यावे. तेच वाहन न्यावे लागल्यास हुडाचे सर्व पडदे पूर्ण उघडावेत. बंद खोलीत अथवा गोठ्यात इंजिन चालू ठेवून कधीही काम करू नये. नळी कितीही नवी असो.

आगीचे भय

धुराइतकेच आगीचे भय मोठे आहे. सुगीच्या दिवसांत जीप थेट खळ्यापर्यंत नेली जाते. वाळलेले गवत, कडब्याची धाटे, उसाचे पाचट खालून अडकते आणि तापलेल्या नळीला चिकटून राहते. फुटलेल्या नळीतून निघणारी ज्वाळेसारखी गरम झोत आणि काजळीची ठिणगी यांना पेट घेण्यास एवढे निमित्त पुरते. वर्षाची वैरण आणि धान्य एका तासात जाते. वाहन वाळल्या गवतावर उभे करू नये, गंजीपासून दूर उभे करावे, आणि खळ्यावरून परतताच खाली वाकून अडकलेले पाचट काढून टाकावे. ही सवय लागण्यास खर्च काहीच येत नाही.

तपासणी कशी करावी

धूरनळी तपासण्यासाठी यंत्रशाळेत जाण्याची जरुरी नाही. डोळे, कान आणि एक लाकडी हातोडी एवढे साहित्य पुरेसे आहे. महिन्यातून एकदा, आणि खडकाळ वाटेवर तळ घासला असल्यास त्याच दिवशी, पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, गाडी पूर्ण थंड असताना सर्व सांधे पाहावेत. जेथे सांध्याभोवती काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसेल, तेथून वायू गळतो असे निश्चित समजावे.

दुसरी गोष्ट, सकाळी थंड इंजिन सुरू करताच मॅनिफोल्डजवळ ‘टक् टक्’ असा आवाज येतो काय ते ऐकावे. इंजिन तापल्यावर तो आवाज कमी होत असेल तर गॅस्केट जळले आहे किंवा मॅनिफोल्डला तडा आहे. तापल्यावर लोखंड फुगते, फट मिटते आणि आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून दोष गेला असे समजू नये.

तिसरी गोष्ट, सायलेन्सर आणि नळी यांवर लाकडी हातोडीने हलके ठोकावे. शाबूत पत्र्याचा नाद खणखणीत येतो. कुजलेल्या पत्र्याचा नाद बद्द येतो. आत काही खुळखुळत असेल तर पडदे सुटले आहेत. शंका आल्यास बोथट टोकाने दाबून पाहावे. पत्रा दबला तर त्याचे आयुष्य संपले.

चौथी गोष्ट, रबरी टांगणी आणि क्लँप पाहावेत. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असल्याने ते सतत डुलते. चासी डुलत नाही. रबर तुटले म्हणून नळी तारेने आवळून चासीला बांधली, तर इंजिनाचा प्रत्येक हेलकावा मॅनिफोल्डवर येतो. चार पैशांच्या रबराऐवजी तार वापरली आणि महागडे मॅनिफोल्ड फुटले, अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत. काट्याचा नायटा होतो तो असा.

धुराचा रंग पाहणेही उपयोगी आहे, परंतु त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याची, निळा धूर तेल जळत असल्याची आणि सतत येणारा पांढरा धूर पाणी वा न जळलेले इंधन जात असल्याची खूण असते. हे तिन्ही दोष इंजिनाचे आहेत. सायलेन्सर बदलून ते जात नाहीत. काळ्या धुरासाठी नवा सायलेन्सर घेण्यापूर्वी हवेची जाळी साफ करून पाहावी.

डागडुजी की बदल?

मतभेद होतो तो येथे. एक पक्ष म्हणतो, जुन्या गाडीवर नवा पैसा घालू नये. डब्याचा पत्रा गुंडाळा, तार आवळा आणि चालवा. दुसरा पक्ष, बहुधा दुकानदार, म्हणतो की मॅनिफोल्डपासून शेपटापर्यंत सर्व काही बदला. हे दोन्ही सल्ले शेतकऱ्याच्या हिताचे नाहीत.

योग्य मार्ग असा. दगड लागून पत्रा फाटला किंवा जोड उकलला, आणि भोवतालचा पत्रा शाबूत असेल, तर जोडकाम म्हणजे वेल्डिंग करून घ्यावे. ते वर्षानुवर्षे टिकते. परंतु छिद्र गंजाने पडले असेल तर डागडुजी करू नये. जेथे एक छिद्र दिसते त्याच्या भोवतालचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. त्यावर जोड धरत नाही आणि धरला तरी त्याच्या कडेला नवे छिद्र पडते. तीन वेळा जोडकामास दिलेला पैसा एका नव्या नळीच्या किमतीहून अधिक होतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा व्यवहार आहे. तद्वतच, सगळेच बदलण्याचीही घाई नको. इंजिनाजवळचा भाग नेहमी तापलेला आणि म्हणून कोरडा राहतो. तो दीर्घकाळ टिकतो. मागील भागात ओल राहते. तो प्रथम जातो. बहुतेक वेळा सायलेन्सर आणि शेवटची नळी एवढेच बदलून काम भागते.

नळी कशाची असावी, हेही पाहावे. गावात पाण्याच्या जस्ती नळीचे तुकडे आणि कोपरे जोडून धूरनळी करण्याची पद्धत आढळते. ती सोडून द्यावी. अशा नळीवर जोडकाम करताना जस्ताचा धूर निघतो आणि कारागिरास थंडीताप भरतो. शिवाय ती जड असल्यामुळे टांगण्या लवकर तुटतात, आणि काटकोनी कोपऱ्यांमुळे वायूचा मार्ग अडतो. साध्या पोलादी नळीपेक्षा अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पोलादाची नळी अधिक टिकते. स्टेनलेस पोलाद सर्वांत टिकाऊ, परंतु महाग. ज्यास ती गाडी आणखी पुष्कळ वर्षे वापरावयाची आहे त्यानेच तो खर्च करावा. नळीचा व्यास मूळ नळीइतकाच ठेवावा.

बदलताना घ्यावयाची काळजी

काम इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जमिनीवर करावे. चाकांना पुढून-मागून ओट लावावी. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चासीखाली मजबूत लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे द्यावेत.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. सकाळी नट एकदम न पिळता थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे फिरवीत काढावा. खालच्या नळीचा नट हटत नसेल तर छिन्नीने फोडून काढणे बरे. नवा नट स्वस्त असतो. मॅनिफोल्डचा खुंटीबोल्ट मात्र इंजिनाच्या अंगात तुटला तर ते काम गावात करू नये. तो नीट मधोमध छिद्र पाडून काढावा लागतो, आणि त्यास कसबी कारागीर लागतो.

जुन्या गॅस्केटमध्ये आणि सांध्यांवरील गुंडाळीत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसास अत्यंत घातक असते. म्हणून जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये, फुंकू नये; ओले करून काढावे आणि पिशवीत बांधून ठेवावे. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. मॅनिफोल्डचे तोंड सपाट आहे की पिळले आहे, हे पोलादी पट्टी आडवी धरून पाहावे. पट्टीखालून उजेड दिसत असेल तर ते घासून सपाट करून घेतल्याशिवाय नवे गॅस्केट टिकणार नाही.

मॅनिफोल्डचे नट मध्यापासून दोन्ही कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पुढची सर्व साखळी प्रथम सैलच जोडावी, नळी सर्वत्र मोकळी लोंबते आहे ना हे पाहावे, आणि मगच इंजिनाकडून मागे येत एकेक सांधा आवळावा. प्रत्येक सांधा आधीच आवळला तर शेवटी नळी कोठेतरी टेकल्याशिवाय राहत नाही. इंधनाच्या नळीपासून धूरनळी किमान ३५ मिलिमीटर दूर असली पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचाही दंडक आहे. ब्रेकची रबरी नळी आणि विजेच्या तारा यांपासूनही तिला दूरच ठेवावे. नळीचे तोंड पत्र्याच्या अंगाबाहेर निघालेच पाहिजे.

काही जुन्या जीपांत इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. तेव्हा गाडीवर असताना जोडकाम करण्यापेक्षा नळी उतरवून बाहेर जोडकाम करावे. गाडीवरच करावे लागल्यास बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात. पहिल्यांदा गाडी तापून पुन्हा निवली की सर्व नट एकवार आवळावेत. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात, आणि नवे गॅस्केट महिन्यात जळाले म्हणून दुकानदारास दोष देतात.

सायलेन्सर काढल्याने जोर वाढतो काय?

सायलेन्सर काढून टाकला, किंवा आतील पडदे फोडून टाकले, की गाडीला जोर येतो अशी समजूत तरुण चालकांत दृढ आहे. शाबूत आणि योग्य आकाराचा सायलेन्सर या संथ गतीच्या इंजिनाचा जोर फारच थोडा अडवितो. वाढतो तो आवाज. आणि आवाज वाढला की जोर वाढल्याचा भास होतो. चढावर ओझे घेऊन चढताना हा भास उपयोगी पडत नाही. सायलेन्सर चिखलाने वा सुटलेल्या पडद्याने चोंदला असेल तर जोर खरोखरच कमी होतो. परंतु त्यास उपाय सायलेन्सर बदलणे हा आहे, काढून टाकणे हा नव्हे. सतत मोठ्या आवाजात काम केल्याने कमी होणारी श्रवणशक्ती परत येत नाही, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे. शेतीच्या ट्रॅक्टरासह प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असलाच पाहिजे, असा १९८९ च्या नियमांत स्पष्ट निर्देश आहे. अलीकडच्या वाहनांत धूर शुद्ध करणारी साधने धूरनळीतच बसविलेली असतात. ती काढणे तर सर्वस्वी अयोग्य होय.

ट्रॅक्टरविषयी एकच गोष्ट सांगणे पुरे आहे. त्याचे उभे धुराडे आभाळाकडे तोंड करून असते. त्यावरील झाकण तुटले असेल तर पावसाचे पाणी थेट इंजिनात उतरते, व्हॉल्व्ह गंजतात, आणि आत पाणी साठलेले असताना इंजिन फिरविल्यास आतील दांडा वाकतो. झाकण नीट नसेल तर काम संपल्यावर, धुराडे निवल्यानंतर, त्यावर डबा उपडा घालण्याची जुनी पद्धत उत्तम आहे. सुरू करण्यापूर्वी तो काढण्याची आठवण मात्र ठेवावी. मळणीच्या वेळी ठिणगी अडविणारी जाळी धुराड्यावर असणे इष्ट आहे.

खर्च कोणी सोसावा?

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती यंत्राची नसून न्यायाची आहे. पुष्कळ जीपा मालक स्वतः चालवीत नाही. धूरनळीवर खर्च करावयाचा की नाही हे मालक ठरवितो. धूर मात्र पगारी चालक आणि मागे बसलेली गरीब माणसे घेतात. बोलल्यास काम जाईल म्हणून चालक बोलत नाही. भाडे देऊन बसणाऱ्यास विचारण्याचा हक्क आहे हेच ठाऊक नसते. ज्याचा पैसा त्याला त्रास नाही आणि ज्याला त्रास त्याच्या हाती पैसा नाही, तेथे दुरुस्ती आपोआप होत नाही. म्हणून मालकानेच हे कर्तव्य मानले पाहिजे. मजुरांना वा प्रवाशांना वाहून नेणाऱ्या गाडीची धूरनळी हा चैनीचा खर्च नव्हे. बैलाच्या वैरणीप्रमाणे तो धंद्याचा पहिला खर्च आहे.

‘गाडीच आता मोडीत निघाली, तिला नवी नळी कशाला?’ असा आक्षेप घेतला जाईल. त्यास उत्तर सरळ आहे. चासी कुजली असेल, तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला असेल, तर खरोखरच नवी नळी घालू नये. परंतु मग त्या गाडीत माणसेही घालू नयेत. ती नियमाप्रमाणे मोडीत द्यावी. जी गाडी माणसे वाहण्यास योग्य आहे ती शाबूत धूरनळीसही योग्य आहे. माणसांसाठी चांगली आणि दुरुस्तीसाठी जुनी, अशी दुहेरी मोजमापे लावणे गैर होय.

गावाने काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घेण्यासारखा आहे. मृगाच्या आधी, शेतीची अवजारे दुरुस्त होतात त्याच सुमारास, एक दिवस ठरवून गावातील सर्व जीपा, ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या एका मोकळ्या जागी आणाव्यात. तालुक्याच्या एखाद्या चांगल्या कारागिरास बोलवावे आणि प्रत्येक गाडीची तपासणी सर्वांसमक्ष करावी. एकाची गाडी पाहताना दहा जण शिकतात. एकाच जातीच्या गाड्या अनेक असतील तर गॅस्केट, क्लँप आणि टांगण्याची रबरे एकत्र मागवून ठेवावीत. ती वेळेवर हाताशी असतील तर तारेचा मोह होत नाही. भाड्याने अवजारे देणाऱ्या गटांनी आपल्या नोंदवहीत तेल बदलल्याच्या तारखेशेजारी धूरनळी पाहिल्याची तारीख लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. आरोग्याच्या कामावर असलेल्या भगिनींनाही या तपासणीस बोलवावे. कारण रोगी कोणत्या गाडीतून आणावा आणि कोणत्या गाडीतून आणू नये, हे त्यांना आधी ठाऊक असणे हिताचे आहे.

शेतकरी बंधुभगिनी काटकसरी आहेत, आणि तो त्यांचा गुणच आहे. परंतु काटकसर म्हणजे खर्च टाळणे नव्हे; योग्य वेळी, योग्य जागी, योग्य तेवढाच खर्च करणे होय. कुजलेल्या नळीवर डब्याचा पत्रा गुंडाळणारा पैसा वाचवीत नाही. तो केवळ आपला खर्च दुसऱ्याच्या छातीवर ढकलतो. येत्या पावसाळ्यात हुडाचे पडदे खाली सोडण्याची वेळ येण्याआधी प्रत्येक वाहनमालकाने एकदा गाडीखाली वाकून पाहावे. काजळी दिसली तर सांधा आवळावा, गंज दिसला तर नळी बदलावी. आणि तोवर त्या गाडीत रोगी, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना मागे बसवू नये.